झोळ

अल ऐनच्या पश्चिमेला, रमाहच्या वाटेवर
बू मतरचं शेत आहे.
बू मतर म्हणजे पावसाचा बाप.
थोरल्याचं नाव मतर, म्हणून.
पाऊस मागच्या फेब्रुवारीत आला होता, वीस मिनिटं.

माझं काम पट्टी धरून उभं राहण्याचं.
चार मीटरची पट्टी, लाल-काळे आकडे.
बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ती हलवायची,
मग आपणही हलायचं नाही.
लांब तिपाईमागे कोशीसाहेब एक डोळा मिटतात
आणि आकडा वहीत जातो.
तेवढ्यापुरता मी सरळ माणूस असतो.

शेहक म्हणाला, पाईप वाढतोय.
मकरानचा शेहक, एकवीस वर्षं याच शेतावर,
खजुरी आणि जनावरांचं गवत.
विहिरीचा लोखंडी पाईप
तो आला तेव्हा त्याच्या गुडघ्याला लागायचा,
आता बरगड्यांशी आलाय.
व्हॉल्व्ह फिरवायला त्यानं विटांची पायरी रचली,
काही वर्षांनी तिच्यावर दुसरी.
रोपं जळतात, तो म्हणाला, आणि लोखंड वाढतं,
काय माती आहे ही!

कोशीसाहेब हसले नाहीत.
पाईप आहे तिथंच आहे, खोल खडकात पाय रोवून.
तू खाली गेलास, म्हणाले.
तू, तुझ्या पायऱ्या, गवत, आपली पिकअप, सगळेच.

शेहकनं आपल्या चपलांकडे पाहिलं.
मीही.

जेवताना, डब्याच्या झाकणावर लोणचं काढत
साहेबांनी सांगितलं ते असं:
पाणी होतं तोवर खालच्या मातीचे कण
एकमेकांशी अदबीनं, अंतर राखून होते.
पाणी उपसलं, ते एकमेकांच्या अंगावर बसले.
एकदा बसले की उठत नाहीत,
मग वरून समुद्र ओता.
आणि गंमत ऐक पांगारकर,
तिकडे हफीतच्या खडकावर आपलं जे यंत्र आहे
ते वर चाललंय.
केसभर. वर्षाला केसभर.
एवढं पाणी म्हणजे केवढं वजन, विचार कर.
ते आपण गवताला घातलं, गवत उंटांना,
आता पाठीवरचं उतरलं म्हणून
खडक कणा ताणून बघतोय.

मी विचारलं, मग त्याला बरं वाटत असेल?
साहेब म्हणाले, चटणी दे.

दुपारी बू मतर आला, कॉफीचा दल्ला घेऊन.
आजोबांच्या फलजची गोष्ट सांगितली:
रात्री ताऱ्यावरून पाण्याची पाळी बदलायची,
तारा टेकडीला टेकला की शेजाऱ्याचा दगड काढायचा,
एका पळाचीही चोरी नाही.
मग त्यानं वहीतला आकडा पाहिला.
पुन्हा वर येईल का, म्हणाला.
कोशीसाहेब म्हणाले, पाणी कदाचित.
बराच वेळ पंप तेवढा बोलत राहिला.
उठताना बू मतर शेहकला म्हणाला,
पायरी सिमेंटची करून घे, पडशील.

रात्री सनैयाच्या कॅम्पात
माझा पलंग खालचा.
वर यल्लय्या झोपायचा, निजामाबादचा, नऊ वर्षं.
त्याच्या वजनानं जाळी खाली यायची,
माझ्या नाकापासून वीतभर.
कूस बदलली की एक स्प्रिंग कण्हायची,
त्यावरून मला कळे, घरून फोन आला होता.
एप्रिलमध्ये तो गेला, कायमचा.
जाळी वर गेली.
आज खिशातली टेप लावून बघितली,
कडेपेक्षा मध्ये अजून चार बोटं खाली आहे.
वरच्या गादीत त्याच्या खांद्याचा, ढुंगणाचा खळगा,
उन्हात टाकून, उलटून, झोडपूनही
तसाच.

दिवा बंद केला.
खाली कुठेतरी आणखी एक कण बसला असेल,
तिकडे खडक केसभर,
मधे मी, आडवा, बुडबुड्याशिवाय.

उद्या वर नवा माणूस येणार आहे, देवरियाचा.
त्याचं वजन कुणाला विचारायचं?